रिटर्न तिकीट

"तिन्ही वेळा मी उतरले, मॅडम. मग नापास कशी?"

"तिन्ही वेळा उतरलीस. म्हणूनच."

विंग कमांडर नीलिमा तिरोडकर एवढंच बोलल्या आणि हेलिकॉप्टरच्या काचेवर साचलेलं बर्फाचं पीठ मऊ फडक्याने पुसत राहिल्या. खरं तर हे काम त्यांचं नव्हतं. पण रोज सकाळी त्याच करायच्या.

केतकी बारवकर बाजूला उभी होती. हातात तिसऱ्या परीक्षेचा कागद. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या दोन वेळचेच शब्द.

अजून नाही.

केतकी हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होती. वय सत्तावीस. दौंडजवळच्या गावातली, एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलणाऱ्या मेकॅनिकची मुलगी. बर्फाळ डोंगरांतल्या या तळावर येऊन तिला सात महिने झाले होते.

तळावरच्या हेलिकॉप्टरांचं काम सरळ होतं. वर बर्फात बसलेल्या चौक्यांना पीठ, रॉकेल, औषधं, घरची पत्रं पोहोचवायची आणि आजारी पडलेले जवान खाली आणायचे.

काम सरळ होतं, हवा सरळ नव्हती. इतक्या उंचीवर ती एवढी विरळ, की हेलिकॉप्टरला धरून राहायला काही सापडत नाही. दहा किलो वजन जास्त झालं तरी यंत्र धापा टाकतं.

सगळ्यात उंच सुळका चौकी. एकोणीस हजार फूट. तिथलं हेलिपॅड म्हणजे दोन बाजा मावतील एवढी सपाट केलेली जागा, आणि तीन बाजूंना दरी. सुळक्यावर कॅप्टन म्हणून जायची परवानगी ज्याला मिळे, त्याला तळावर वेगळा मान असे. ती परवानगी द्यायची की नाही, हे ठरवत तिरोडकर मॅडम. परीक्षेला त्या डाव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसत आणि गप्प राहत.

केतकी तीनदा गेली. एकदा स्वच्छ उन्हात. एकदा उडणाऱ्या भुकटीत. तिसऱ्यांदा तर ढग इतके खाली दाटले होते की चौकीवरच्या जवानांनी देवाचं नाव घेतलं होतं. तिन्ही वेळा हेलिकॉप्टर बरोबर मधोमध टेकलं.

"माझी काय चूक झाली ते तरी सांगा."

"उतरण्यात काही चूक नाही. सुंदर उतरतेस."

"मग?"

मॅडमनी फडकं झटकलं.

केतकीचा तोल गेला. सात महिने पोटात ठेवलेलं ओठांवर आलं.

"तुमच्यासारखी नऊ वेळा परत आले असते, म्हणजे पास झाले असते का?"

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. कारण सगळ्या तळाला ठाऊक होतं आणि कुणी मॅडमच्या तोंडावर बोलत नव्हतं. तरुण वैमानिक मॅडमना मागून 'रिटर्न तिकीट' म्हणत. चोवीस वर्षांच्या नोकरीत नऊ वेळा त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. एवढ्या वेळा दुसरं कुणीच आलं नव्हतं. उड्डाणांच्या रजिस्टरात तशी नोंद होती.

केतकी त्या थट्टेत कधी सामील झाली नव्हती. पण आपली गुरू भित्री असावी, याची तिला लाज वाटे.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नऊ नव्हे. अकरा वेळा. दोन नोंदी मी केल्या नाहीत."

"का?"

"तरुण होते. लाज वाटली."

मग त्या हेलिकॉप्टरच्या पायरीवर टेकल्या आणि पहिल्यांदाच स्वतःविषयी बोलल्या. बोलल्या म्हणजे चार वाक्यं.

"नोकरीचं तिसरं वर्ष. तळावर बाई मी एकटीच. आंघोळीलासुद्धा दोन किलोमीटर चालत दवाखान्यात जावं लागायचं. एके दिवशी वारा बघून अर्ध्या वाटेतून परत आले. संध्याकाळी मेसमध्ये माझ्या ताटात कुणीतरी बांगड्या ठेवल्या होत्या."

केतकीच्या मुठी आवळल्या.

"मग तुम्ही काय केलंत?"

"घातल्या. हिरव्यागार होत्या, मापही बरोबर होतं. घातल्या आणि जेवले. त्या दिवशी कोंबडी होती."

"राग नाही आला?"

"आला की. म्हणून तर पुढच्या वेळी परत आले आणि यंत्रात बिघाड होता असं सांगितलं. अर्ध्यातून फिरल्याची नोंद केलीच नाही. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. दोनदा खोटं बोलले."

"आणि मग?"

"मग कंटाळा आला... खोट्याचा." त्या उठल्या. "जा, नाश्ता करून घे."

केतकी गेली. मेसमध्ये ताट पुढ्यात घेऊन बसली.

तिचीही एक गोष्ट होती. प्रशिक्षणाच्या काळात एक प्रशिक्षक सगळ्यांदेखत हसत म्हणाला होता, "मुली चालवतात छान. पण वारा सुटला की गाडी परत गॅरेजात!" सगळा वर्ग हसला. केतकीही हसली. त्या हसण्याची तिला अजून चीड होती.

त्या दिवशी तिने नेम धरला होता. निघायचं, तर पोहोचायचं. आपण एक परत फिरलो, तर उद्या दहा पोरींना दारातूनच परत फिरवतील. गावात तिच्या नावाचा फलक लागला तेव्हा आई कौतुकाने रडली. केतकीच्या मनात आलं ते एवढंच, की आता तर परत फिरायचं नावच नको.

असा नेम. तो मोडायला सांगतात म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सुळका चौकीवरून निरोप आला. नाईक भिवाजी खोत, वय एकतीस, याच्या छातीत पाणी भरलं होतं. उंचीवरचा तो जुना वैरी. माणसाला तातडीने खाली आणलं तर तो दोन दिवसांत हिंडू-फिरू लागतो. नाही आणलं, तर आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडतो.

चौकीवर मराठा पलटण होती. रेडिओवर सुभेदार रामलिंग चौगुले बोलत होते.

"भिवाजीचं ओठ निळं पडल्यात. खोकला की तोंडातनं फेस येतोय. लवकर या."

आकाशात ढग होते, पण फटी होत्या. जाता येण्यासारखं होतं.

मॅडम हेल्मेट काखेत धरून आल्या आणि न विचारता डावीकडच्या खुर्चीत बसल्या.

"आज कॅप्टन तू," त्या म्हणाल्या.

"परीक्षा, मॅडम?"

"भिवाजीची."

दोघी निघाल्या. खाली नदीची निळी रेघ मागे पडली, मग दगडांचा करडा रंग संपला आणि पांढऱ्यावाचून काही उरलं नाही. पंधरा हजारांवर मधला कॅम्प लागला. चार तंबू, एक हेलिपॅड, हात हलवणारे दोन ठिपके. तो ओलांडून त्या वर चढल्या. तोंडावर प्राणवायूचे मुखवटे, कानात इंजिनाचा एकसुरी घोष.

सुळका दिसला. हेलिपॅडच्या कडेला जवानांनी नारिंगी धूर पेटवला होता. वारा कुठून येतो ते वैमानिकाला त्या धुरावरून कळतं.

धूर तिच्याकडे झुकला होता. म्हणजे वारा समोरून. उत्तम.

केतकीने वेग कमी केला आणि उतरायला लागली. तीनशे मीटर. दोनशे.

तेवढ्यात धूर उभा राहिला. सरळ, काठीसारखा... आणि मग उलट्या बाजूला पडला.

वारा पाठीमागून आला होता. हेलिकॉप्टरची शेपटी कुणी धरून ओढावी तशी उजवीकडे सरकली. केतकीने उजवं पेडल दाबलं. शेपटी जागेवर आली, पण पेडल जवळजवळ तळाला लागलं होतं. आता आणखी एक झोत आला, तर पायाखाली दाबायला काही उरलं नव्हतं.

"मॅडम, दिसताय आमाला," चौगुल्यांचा आवाज आला. "भिवाजीला भाईर आणलाय. या."

फळीवर बांधलेला माणूस तिला दिसत होता. भोवती पाच जण वाकून उभे होते.

दीडशे मीटर.

बसवता येईल, तिच्या मनाने सांगितलं. तिसऱ्या वेळी याहून वाईट होतं. धूर पुन्हा फिरेल. आणखी पाच सेकंद थांब. तू पोहोचणारी आहेस. तू कधी फिरली नाहीस.

डावीकडे मॅडम बसल्या होत्या. हात मांडीवर. नजर समोर. त्या 'पुढे' म्हणाल्या नाहीत, 'मागे'ही म्हणाल्या नाहीत.

धूर अजून उलटाच होता.

केतकीला एकदम कळलं की ती आता वारा बघतच नाहीये. ती मेसमधली तोंडं बघतेय. त्या प्रशिक्षकाचं तोंड, फलकाखाली उभं राहिलेलं गाव. एवढी गर्दी या छोट्याशा हेलिपॅडवर उतरवायला ती निघाली होती, आणि धूर बघायला कुणीच उरलं नव्हतं.

तिने नजर पुन्हा धुरावर आणली.

"नाही," ती म्हणाली. "फिरतेय."

तिने यंत्र उजवीकडे दरीत झुकवलं. सुळका काचेतून बाजूला सरकला आणि नाहीसा झाला.

रेडिओ खरखरला.

"मॅडम?" चौगुल्यांचा आवाज बारीक झाला होता. "मॅडम, चालला का तुमी?"

इतकं जड वाक्य तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. हात थरथरत होते. पण ते हात आपलं काम करत होते. वळण रुंद घे, वेग वाढव, उंची सांभाळ.

आणि त्या वळणात तिला ते दिसलं.

चौकीच्या डोंगराची ही मागची बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. जाताना डोळे हेलिपॅडवर असत आणि उतरून झालं की उतरणीच्याच वाटेने परत. आज पहिल्यांदा ती अर्ध्यातून, या बाजूने वळली होती. चौकीच्या खाली हजारभर फुटांवर, दगडाच्या एका मोठ्या कण्याच्या आडोशाला, बर्फाचा सपाट कट्टा होता. घराला ओटा असावा तसा. आणि त्याच्यावरची भुकटी जागच्या जागी होती. उडत नव्हती.

"सुभेदारसाहेब, कुठंही चालले नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला. "तुमच्या खाली, पूर्वेला, सपाट जागा आहे. माहीत आहे का?"

"ओटा व्हय? हाय की! दोर लावून ठेवलाय तितवर. बर्फ टणक हाय तिथलं."

"भिवाजीला तिथं उतरवायला किती वेळ लागेल?"

पलीकडे आपसात बोलणं झालं.

"अर्धा तास. पळवत आणतो."

"आणा. मी येते."

तिने हेलिकॉप्टर मधल्या कॅम्पवर नेलं आणि उतरवलं. इंजिन चालूच ठेवलं, कारण त्या थंडीत बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. वर पात्यांचा घरघराट, भोवती बर्फाची धूळ.

केतकी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होती. ओट्यावर पळत जाऊन उठायला जागा नाही. जागेवरून सरळ उठावं लागेल. भिवाजी, त्याची फळी, त्याची प्राणवायूची नळकांडी. आणि दोन वैमानिक.

नाही उठणार.

तिने पुन्हा मांडून पाहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

तळावर सगळ्यात ज्येष्ठ वैमानिक कोण, तर डावीकडे बसलेली ही बाई. तिची परीक्षक. अकरा वेळा परत येणारी. आणि नियम असा, की त्या उंचीवर एकट्याने जायचं नाही.

"मॅडम..."

"हं."

"तुम्ही इथे उतरा."

मॅडमनी मान वळवली.

"तिघांना घेऊन ओट्यावरून उठता येणार नाही," केतकी म्हणाली. "दोघांना घेऊन येईल. कसंबसं, पण येईल."

"आणि तिथेही वारा फिरला तर?"

"तर पुन्हा फिरेन."

मॅडमच्या पट्ट्याचं बकल खट्कन सुटलं.

इतक्यात रेडिओवर तळाचे प्रमुख आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नीलिमा, हे काय चाललंय? ती एकटी जाणार? तुझं मत काय?"

मॅडम एक पाय बाहेर टाकून बसल्या होत्या. त्यांनी माइक ओठांजवळ नेला.

"सर, कॅप्टन उजवीकडे बसलीय. तिला विचारा."

केतकीच्या छातीत काहीतरी उसळलं आणि डोळ्यांपर्यंत आलं. तिने पापण्या मिटून ते परत पाठवलं.

"बारवकर?" प्रमुखांनी विचारलं.

"सर, ओटा आडोशाला आहे, बर्फ टणक आहे, वजन बसतंय. धूर बघून ठरवीन. नाही जमलं तर परत येईन."

"...जा."

मॅडम खाली उतरल्या. आपली खुर्चीही त्यांनी खिळीतून काढून बाहेर ठेवली, मागची अवजारांची पेटी उचलली, पाण्याची बाटलीसुद्धा घेतली. मग पात्यांखालून वाकून चालत लांब गेल्या आणि बर्फात त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, अंगणात बसावं तशा.

केतकी एकटी वर गेली.

डावी बाजू रिकामी होती. हेलिकॉप्टर कधी नव्हे ते हलकं वाटत होतं. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. डोकं सकाळच्या विहिरीसारखं स्वच्छ होतं. ती फक्त धूर बघत होती.

ओट्यावर नारिंगी धूर तिच्याकडे झुकला. ती थांबली. धूर तसाच राहिला. ती आणखी थांबली. तसाच.

मग ती गेली.

टेकली म्हणजे नुसती टेकली. वजन बर्फावर टाकलंच नाही, पात्यांवरच तोलून धरलं. चौगुल्यांची माणसं वाकून धावत आली. घामाने त्यांच्या मिशांवर बर्फ धरलं होतं. फळी आत सरकली. पट्टे आवळले गेले. चौगुल्यांनी बाहेरून काचेवर हाताचा पंजा ठेवला, क्षणभर, आणि मागे झाले.

केतकीने डाव्या हातातला दांडा वर ओढला.

हेलिकॉप्टर हललं नाही.

आणखी ओढला. इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकला. सांगाडा थडथडला. मग एक वीत... दोन वीत... आणि तेवढ्यावरच लोंबकळत राहिलं.

पुरे, ती मनाशी म्हणाली. एवढंच लागतं.

तिने हेलिकॉप्टरचं नाक पुढे झुकवलं आणि ओट्याच्या कडेवरून ते दरीत सोडून दिलं.

दोन सेकंद ते दगडासारखं पडत होतं. मग पडण्यातूनच वेग आला, वेगातून पात्यांना हवा सापडली, हवेतून जोर आला, आणि हेलिकॉप्टर घारीसारखं दरीवर पसरलं.

केतकी ओरडली. काय ओरडली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. मागच्या फळीवरून भिवाजीने मुखवट्याआडून काहीतरी हुंकार दिला. जिवंत माणसाचा हुंकार!

मधला कॅम्प आला. थांबायला वेळ नव्हता. खाली पांढऱ्यावर एक खुर्ची आणि खुर्चीवर एक ठिपका. ठिपका उठून उभा राहिला. केतकीने हेलिकॉप्टर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवलं आणि तळाकडे निघाली.

तळावर डॉक्टर, स्ट्रेचर, निम्मी पलटण. तासाभराने भिवाजीच्या ओठांवर रंग आला. मुखवटा बाजूला करून त्याने पहिला प्रश्न विचारला.

"माझं बूट कुणी नेलं?"

सगळा दवाखाना हसला.

बाहेर लोकांनी केतकीला खांद्यावर घेतलं. ज्यांनी 'रिटर्न तिकीट' हे नाव पाडलं होतं, तेही त्यात होते. कुणीतरी घंटा वाजवली. आचाऱ्याने शिरा टाकला, त्याचा तुपाचा वास धावपट्टीपर्यंत आला.

त्या गलक्यातून वाट काढत केतकी रजिस्टराच्या टेबलाशी गेली. ड्यूटीवरच्या सार्जंटने तिची नोंद आधीच करून ठेवली होती, सुंदर अक्षरात. मोहीम यशस्वी. एक रुग्ण.

"यात वरची एक ओळ राहिली," ती म्हणाली.

"मॅडम, माणूस आणलात की खाली. ते अर्ध्यातून फिरल्याचं कशाला?"

"द्या इकडे."

तिने पेन घेतलं आणि त्याच्या नोंदीच्या वर जी मोकळी जागा होती तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं. सुळका चौकी. वारा उलटा. परत.

भोवतीचा गलका जरा कमी झाला. दोघातिघांनी वाकून वाचलं. केतकीने पेनाचं टोपण लावलं आणि सहीसकट पान त्यांच्यापुढे उघडं ठेवून ती शिरा खायला गेली.

दुपारी ढग उतरले, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलले नाहीत. सकाळी ऊन पडल्याबरोबर केतकी आणि मागे बसलेला दुसरा एक वैमानिक मधल्या कॅम्पवर गेले. तो तिथल्या रसदीच्या कामाला राहणार होता.

मॅडम तंबूबाहेर जवानांच्यात बसल्या होत्या. डोक्यावर कुणाचीतरी माकडटोपी, हातात पत्र्याचा मग. एका जवानाला पत्र लिहून देत होत्या. त्याच्या उजव्या हाताची बोटं थंडीने सुजली होती.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बूट मागतोय."

"मग जगला." त्यांनी पत्राची घडी घालून जवानाच्या हातात दिली आणि उठल्या.

केतकीने खिशातून परीक्षेचा कागद काढला. नवा, कोरा. काही न बोलता पुढे केला.

मॅडमनी पेन टेकवलं. शाई गोठली होती. त्यांनी पेन काखेत धरलं आणि दोघी बर्फात तशाच उभ्या राहिल्या, शाई वितळायची वाट बघत. केतकीला हसू आलं. मॅडमनाही आलं.

मग त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द. कॅप्टन. खाली सही.

जवानांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण बाई हसतायत म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

दोघी हेलिकॉप्टरात बसल्या. मॅडमनी आपली खुर्ची पुन्हा बसवली. केतकी उजवीकडे होती. हात कळांवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

"एक विचारू, मॅडम?"

"विचार."

"काल मला वाऱ्याची भीती वाटली नाही. एकटी गेले तरी वाटली नाही. दरीत सोडलं तेव्हासुद्धा नाही. पण त्याआधी, ते 'फिरतेय' म्हणताना... माझे हात थरथरत होते."

"कसली भीती होती?"

केतकीने प्रामाणिकपणे शोधलं.

"लोक काय म्हणतील, याची."

"मग? काय म्हणाले लोक?"

केतकीने पुन्हा आठवून पाहिलं. रजिस्टरावर वाकलेले ते चेहरे. थोडी शांतता. मग कुणीतरी वाढायच्या डावाने ताट वाजवलं होतं...

"काही नाही," ती म्हणाली. "जेवायला बसले."

मॅडम पोटभर हसल्या. मग पट्टा ओढून त्यांनी बकल लावलं आणि समोरच्या उन्हातल्या शिखरांकडे पाहिलं.

"बरं झालं. आता डोंगराला भ्यायला मोकळी झालीस."